रस्त्याच्या मधोमध चालणारा माणूस

अकरावीच्या गुरुत्वाकर्षणाच्या धड्यातला कॅव्हेंडिश आठवतो का मित्रांनो? दोन मोठे शिशाचे गोळे, दोन छोटे, तारेला टांगलेला दांडा. आकृती काढली, मार्क मिळवले, विषय संपला. हा गोळेवाला माणूस रोज फिरायला कसा जायचा, हे मात्र कुठल्या गाईडमध्ये नव्हतं. मला तरी ते त्याच्या प्रयोगाइतकंच महत्त्वाचं वाटतं.

हेन्री कॅव्हेंडिशचा जन्म १० ऑक्टोबर १७३१ चा, नीस शहरातला. घराणं मात्र इंग्लंडमधलं, डेव्हनशायरच्या ड्यूकचं, म्हणजे बडं प्रस्थ. दोन वर्षांचा व्हायच्या आतच आई गेली. केंब्रिजला चार वर्षं काढून साहेब डिग्री न घेताच बाहेर पडले. वडील लॉर्ड चार्ल्स स्वतः थर्मामीटरमध्ये रमणारे, त्यामुळे घरीच प्रयोगशाळा मिळाली. १७६० साली तो रॉयल सोसायटीचा सदस्य झाला. १७६६ मध्ये त्याने हायड्रोजन हा वेगळाच वायू आहे हे दाखवलं, पुढे पाणी हे मूलद्रव्य नाही हेही त्याच्या प्रयोगातून पुढे आलं. हे सगळं केमिस्ट्रीच्या पुस्तकात आहे, इथे परत नको.

अडचण होती ती माणसांची. अनोळखी कुणी समोर आलं की तो गांगरून जायचा, बायकांशी तर बोलणंच नाही. जेवायला काय हवं ते चिठ्ठीवर लिहून ठेवायचा. मोलकरणीची गाठ पडू नये म्हणून त्याने घराला मागून वेगळा जिना बांधून घेतला होता म्हणे. तरी दर गुरुवारी रॉयल सोसायटीच्या क्लबात तो जेवायला नेमाने जाई. तिथल्या जुन्या मंडळींनी एक युक्ती काढली होती. त्याच्या तोंडाकडे बघायचंच नाही, जवळ उभं राहून हवेत बोलल्यासारखं बोलायचं. विषय आवडला तर तो पुटपुटत उत्तर देणार, नाहीतर निघून जाणार. मला ही युक्ती फार शहाणपणाची वाटते. त्याला बदलायला कुणी गेलं नाही, त्याला जमेल अशी जागा तेवढी ठेवली.

आता फिरणं. १७८५ च्या सुमारास तो लंडनजवळच्या क्लॅपम कॉमनला राहायला गेला. तेव्हा तो भाग बराचसा मोकळा होता. ठरलेली वेळ, ठरलेला रस्ता, अंगावर जुना फिकट जांभळा कोट. कडेने चाललं तर येणाऱ्या-जाणाऱ्याला नमस्कार करावा लागतो, म्हणून स्वारी रस्त्याच्या मधोमध! एकदा कुंपण ओलांडताना दोन बायकांनी त्याला पाहिलं. झालं, तो रस्ता कायमचा बंद आणि पुढचं फिरणं अंधार पडल्यावर. पण फिरणं त्याने सोडलं नाही, हे लक्षात घ्या.

घराच्या बागेत एक मोठं झाड होतं. त्याला लाकडी मचाण बांधून त्यावरून तो शेंड्यापर्यंत चढायचा. निमित्त हवामानाच्या किंवा आकाशाच्या निरीक्षणाचं. लॉर्डचा मुलगा, पन्नाशी उलटलेली, आणि झाडावर! वर कुणी भेटायला येत नाही, हाही फायदा असावा, पण हा आपला माझा अंदाज.

लांबच्या सहलीही त्याने केल्या. चार्ल्स ब्लॅगडेन नावाचा एकच सोबती, आणि गाडीच्या चाकाला फेरे मोजणारं यंत्र. डोंगर दिसला की बॅरोमीटर घेऊन उंची मोजायची, वाटेत दगड, खाणी, लोखंडाचे कारखाने बघायचे. १७८५ च्या सहलीत बर्मिंगहॅमला जेम्स वॉटची भेट झाली, पुढच्या वर्षी यॉर्कशायरात जॉन मिशेलची. हातात मोजायचं काहीतरी असलं की त्याला माणसंही चालत, असं दिसतं.

आपल्या विंगमध्येही एखादा असतोच, मेस झाल्यावर ग्राउंडला एकट्यानेच चकरा मारणारा. आपण त्याला ट्रेकला ओढून नेतो आणि वर गेल्यावर अंताक्षरीत बसवतो. त्याला चकराच हव्या असतील, किंवा ट्रेकला यायचं असेल पण गाणं म्हणायचं नसेल, हे कुणी विचारतच नाही.

न्यूरॉलॉजिस्ट ऑलिव्हर सॅक्स यांनी २००१ साली लिहिलं की कॅव्हेंडिशची लक्षणं आज आपण ज्याला ऑटिझम म्हणतो त्याच्याशी जुळतात. दोनशे वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाची तपासणी करता येत नाही, तेव्हा शिक्का मारू नये. पण लक्षणं जुळतात खरी.

त्याचा आपल्याशीही एक धागा आहे, बरं का. १७९२ साली त्याने हिंदूंच्या कालगणनेवर, तीन पंचांगं अभ्यासून, निबंध छापला. इथे कधी न आलेला माणूस आपल्या तिथी-महिन्यांचं गणित सोडवत बसला होता!

मिशेल १७९३ मध्ये वारला. पृथ्वी तोलायचं त्याचं यंत्र फिरत फिरत कॅव्हेंडिशकडे आलं. त्याने ते नव्याने बांधलं आणि १७९७-९८ मध्ये, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, प्रयोग केला. मोठे गोळे प्रत्येकी सुमारे १५८ किलोचे. अंगाच्या उष्णतेने हवा हलते, म्हणून खोली बंद करून तो बाहेर उभा राहिला. गोळे बाहेरूनच हलवायचे आणि भिंतीतून बसवलेल्या दुर्बिणीने आत बघायचं. उत्तर आलं, पृथ्वीची घनता पाण्याच्या ५.४८ पट. आजचा आकडा ५.५१. (मोठे जी त्याने काढलंच नव्हतं, ते नंतरच्यांनी त्याच्या आकड्यांवरून काढलं. व्हायवाला उपयोगी पडेल.)

२४ फेब्रुवारी १८१० रोजी तो गेला. मागे दहा लाख पौंडांवर इस्टेट आणि न छापलेल्या कागदांचे गठ्ठे. मॅक्सवेलने १८७९ साली त्यातलं विजेवरचं काम छापलं, तेव्हा कळलं की ओहमचा नियम याने ओहमच्या आधीच पाहिला होता. मीटर नव्हताच, करंट मोजायला स्वतःलाच शॉक देऊन घ्यायचा.

क्लॅपममधलं ते घर आता नाही. तिथल्या एका रस्त्याला कॅव्हेंडिश रोड म्हणतात. तो आता लंडनच्या दक्षिणेकडच्या रिंग रोडचा भाग आहे, त्यामुळे मधोमध चालायची सोय राहिलेली नाही.