धैर्यशालिनी हॅरिएट टबमन

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मेरीलँड नावाचे एक राज्य आहे. त्याच्या पूर्वेकडील भागात डॉर्चेस्टर नावाचा परगणा आहे. पाणथळ जमीन, दाट झाडी आणि संथ वाहणारे प्रवाह यांनी हा मुलूख व्यापलेला आहे. येथे १८२२ च्या सुमारास एका गुलाम कुटुंबात एक मुलगी जन्मास आली. तिचे नाव अरामिंटा. घरची माणसे तिला मिंटी म्हणत. पुढे हीच मुलगी हॅरिएट टबमन या नावाने जगाला ठाऊक झाली. तिच्या जन्माची नेमकी तारीख कोणी लिहून ठेवली नाही. गुलामांच्या मुलांचे जन्मदिवस टिपून ठेवण्याची गरज मालकांना वाटत नसे.

त्या काळी अमेरिकेच्या दक्षिण भागात गुलामगिरीची चाल कायद्याने मान्य होती. आफ्रिकेतून पकडून आणलेल्या लोकांची आणि त्यांच्या वंशजांची गुरांप्रमाणे खरेदी-विक्री होई. मिंटीच्या तीन बहिणींना मालकाने दूर दक्षिणेकडे विकून टाकले. त्या पुन्हा घरच्यांच्या दृष्टीस पडल्या नाहीत. मिंटी सहा वर्षांची होते न होते तोच मालकाने तिला दुसऱ्यांच्या घरी मोलाने पाठविण्यास प्रारंभ केला. एका घरी रात्री जागून तान्ह्या मुलाचा पाळणा हलविण्याचे काम तिच्याकडे होते. मूल रडले, की तिच्या मानेवर चाबूक बसे. त्या चाबकाचे वळ जन्मभर तिच्या अंगावर राहिले. परंतु याहून मोठा घाव पुढेच होता.

मिंटी बारा-तेरा वर्षांची असताना एके दिवशी संध्याकाळी बकटाउन या खेड्यातील दुकानात गेली होती. त्याच वेळी एक गुलाम आपले काम सोडून तेथे आला आणि त्याच्या पाठोपाठ त्याचा मुकादमही आला. गुलामाला बांधण्यासाठी मुकादमाने मिंटीला मदतीस बोलावले. तिने नकार दिला. गुलाम निसटून पळाला. संतापलेल्या मुकादमाने दुकानातील दोन पौंडांचे, म्हणजे जवळजवळ एक किलोचे लोखंडी वजन उचलून त्याच्या दिशेने फेकले. ते त्याला लागले नाही. दारात उभ्या असलेल्या मिंटीच्या मस्तकावर ते आदळले आणि तिच्या कवटीचे हाड फुटले.

रक्तबंबाळ व बेशुद्ध मिंटीला उचलून घरात नेले. तेथे तिच्यासाठी धड बिछानासुद्धा नव्हता. विणकराच्या मागाच्या बैठकीवर तिला निजविले. दोन दिवस ती तशीच पडून होती. औषध नाही, मलमपट्टी नाही. त्यानंतर तिला पुन्हा शेतावर कामाला लावण्यात आले. आपल्या डोक्यावर कधी न विंचरलेल्या दाट केसांचा गुंता होता, म्हणूनच आपला जीव वाचला, असे ती पुढे सांगत असे.

जखम वरून भरून आली. आतून ती कधीच भरली नाही. मस्तकात तीव्र वेदना उठत. आणखी एक विलक्षण गोष्ट घडू लागली. काम करता करता, बोलता बोलता तिचे डोळे एकाएकी मिटत आणि ती गाढ निद्रेत बुडून जाई. हाका मारून ती जागी होत नसे. काही वेळाने आपोआप शुद्धीवर येई आणि तुटलेले संभाषण जेथे थांबले होते तेथूनच पुढे सुरू करी. या अवस्थेत तिला स्पष्ट स्वप्ने पडत. ती देवभोळी होती. ही स्वप्ने म्हणजे ईश्वराचा संदेश आहे, असे तिला वाटे. तिच्या लक्षणांची वर्णने वाचून आजचे अनेक अभ्यासक असे मानतात, की मेंदूला झालेल्या इजेमुळे तिला एक प्रकारचा अपस्माराचा विकार जडला असावा.

मेंदू हा फार नाजूक अवयव आहे. पडल्यामुळे किंवा आदळल्यामुळे त्याला जोराचा हादरा बसला, तर वरची खूण नाहीशी झाल्यावरही डोकेदुखी, गुंगी, थकवा, उजेडाचा त्रास अशा तक्रारी काही आठवडे, कधी कधी वर्षानुवर्षे राहतात. मोडलेला हात सर्वांना दिसतो. परंतु ही पीडा दिसत नाही. म्हणून पाहणाऱ्याला ते दुखणे ढोंग वाटते किंवा आळस वाटतो. मिंटीची निद्राही पाहणाऱ्यास आळसच वाटावी अशी होती. मालकाने तिला विकावयास काढले, पण अशी मुलगी विकत घेण्यास कोणी तयार होईना. बाजाराच्या हिशेबी तिची किंमत शून्य झाली होती.

तिने मात्र स्वतःची किंमत शून्य मानली नाही. वडील बेन हे लाकूडतोडीच्या कामात वाकबगार होते. त्यांच्याजवळ राहून ती झाडे तोडण्याचे आणि ओंडके ओढण्याचे काम शिकली. मालकाला ठरावीक रक्कम देऊन उरलेल्या कमाईतून तिने बैलांची जोडी विकत घेतली. रानातील वाटा, ओढ्यांचे उतार, पक्ष्यांचे आवाज आणि आकाशातील ध्रुवतारा यांची ओळख तिला याच काळात झाली. लिहिणे-वाचणे तिला कधीच आले नाही. तिची शाळा म्हणजे हे रान होते. १८४४ मध्ये तिने जॉन टबमन या स्वतंत्र माणसाशी विवाह केला आणि त्या सुमारास आपल्या आईचे हॅरिएट हे नाव धारण केले.

१८४९ मध्ये तिचा मालक मरण पावला. आता आपली विक्री होणार, हे तिने ओळखले आणि दोन भावांसह ती पळून निघाली. परंतु भावांचे धैर्य खचले आणि तिघेही परत आले. थोड्याच दिवसांनी हॅरिएट एकटीच निघाली. वाटेत केव्हा भोवळ येईल आणि निद्रा आपल्याला कोठे गाठील, याचा तिला भरवसा नव्हता. तरीही रात्री चालत, दिवसा लपत, तिने सुमारे दीडशे किलोमीटरांचे अंतर तोडले आणि गुलामगिरी नसलेल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात पाऊल ठेवले.

ती मुक्त झाली. परंतु तिचे आईबाप व भाऊ मागेच होते. एकटीचे स्वातंत्र्य तिला गोड लागेना. गुलामांना पळून जाण्यास मदत करणाऱ्या लोकांची त्या काळी एक गुप्त साखळी होती. तिला भुयारी रेल्वे असे म्हणत. तेथे ना गाडी होती, ना रूळ; होती ती दयाळू माणसांची घरे आणि अंधारातील पाऊलवाटा. फिलाडेल्फियाचे विल्यम स्टिल आणि विल्मिंग्टनचे थॉमस गॅरेट हे या कार्यातील दोन प्रमुख पुरुष. त्यांच्या साहाय्याने हॅरिएट दहा वर्षांत सुमारे तेरा वेळा मेरीलँडमध्ये परत गेली आणि सुमारे सत्तर माणसांना तिने सोडवून आणले. पळालेल्या गुलामांना पकडून परत धाडण्याचा कडक कायदा १८५० मध्ये झाल्यामुळे यांपैकी अनेकांना तिने थेट कॅनडापर्यंत पोहोचविले. १८५७ मध्ये तिने आपल्या वृद्ध आईबापांनाही बाहेर काढले.

तिच्या योजना फार विचारपूर्वक आखलेल्या असत. रात्री मोठ्या असतात म्हणून ती बहुधा हिवाळा निवडी. रविवारी शोधाची जाहिरात छापली जात नसे, म्हणून ती शनिवारी रात्री निघण्याची वेळ साधी. तरीही एका गोष्टीवर तिचा ताबा नव्हता. ऐन रानात, पाठलाग चालू असताना, तिला निद्रेचा झटका येई आणि ती जागच्या जागी कोसळे. पुढची वाट तिच्यावाचून कोणास ठाऊक नसे. बरोबरची माणसे भयभीत होऊन झाडीत दबून बसत. तिला टाकून पुढे जाणे शक्य नव्हते आणि मागे फिरणे म्हणजे पुन्हा साखळदंड. ती जागी होईपर्यंत वाट पाहणे, एवढेच त्यांच्या हाती असे. थोड्या वेळाने हॅरिएट डोळे उघडी, उठून उभी राही आणि पुन्हा चालू लागे. बाजारात जिला कोणी विकत घेतले नाही, तिच्या हाती ही माणसे आपला जीव निःशंकपणे सोपवीत. त्यांचा विश्वास व्यर्थ गेला नाही. तिने बरोबर घेतलेले एकही माणूस वाटेत पकडले गेले नाही.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. हॅरिएटने उत्तरेच्या सैन्यात परिचारिका म्हणून जखमींची सेवा केली आणि हेर म्हणूनही काम केले. २ जून १८६३ रोजी साउथ कॅरोलिनातील कंबाही नदीवर झालेल्या मोहिमेत तिने सैन्याला मार्ग दाखविला आणि एका दिवसात सातशेहून अधिक गुलाम मुक्त झाले. १८६५ मध्ये अमेरिकेतून गुलामगिरी कायद्याने नाहीशी झाली. या लढ्याचा प्रतिध्वनी महाराष्ट्रातही उमटला. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये प्रसिद्ध केलेला आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांस अर्पण केला आहे.

युद्धानंतर हॅरिएट न्यूयॉर्क राज्यातील ऑबर्न या गावी राहू लागली. सरकारकडून तिच्या सेवेची दखल फार उशिरा घेतली गेली. दरमहा वीस डॉलरांचे वेतन तिला १८९९ मध्ये मिळू लागले. स्वतः दारिद्र्यात असूनही तिच्या घरी अनाथ व निराधार माणसांना आसरा असे.

मस्तकातील वेदना मात्र म्हातारपणीही तिला सोडीनात. डोक्यात सतत घोंघावल्यासारखे होई आणि रात्रीची झोप लागत नसे. साठ वर्षांपूर्वीचा तो घाव अजून जागा होता. अखेर विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर तिने बोस्टन येथील एका रुग्णालयात मस्तकावर शस्त्रक्रिया करून घेतली. त्या वेळी तिने बधिर करण्याचे औषध नाकारले आणि युद्धात सैनिक करीत त्याप्रमाणे बंदुकीची गोळी दातांत धरून वेदना सोसली, असे तिने नंतर सांगितले. त्यायोगे तिला थोडा आराम पडला.

१९०८ मध्ये तिच्या प्रयत्नाने ऑबर्न येथे वृद्ध व गरीब कृष्णवर्णीयांसाठी एक आश्रम उघडला. याच आश्रमात १० मार्च १९१३ रोजी तिने देह ठेवला. लष्करी इतमामाने तिचा अंत्यविधी झाला.

दुखणे बरे झाल्यावर आयुष्य सुरू करू, असे म्हणून हॅरिएट थांबली असती, तर तिचे आयुष्य सुरूच झाले नसते. दुखण्यापुढे तिला अनेकदा पडावे लागले, निजावे लागले, थांबावे लागले. त्या थांबण्याची तिने कधी लाज बाळगली नाही. आणि जाग येताच वाट चालू लागण्यास ती कधी चुकली नाही. तिच्याइतकेच थोर होते तिच्याभोवतीचे ते अनाम लोक, ज्यांनी तिच्या निद्रेला आळस म्हटले नाही आणि जे काळोख्या रानात तिच्या उठण्याची वाट पाहत शांतपणे बसून राहिले.