नेव्हिल डिसोझा

नेव्हिल स्टीफन डिसोझा (३ सप्टेंबर, १९३२ – १७ मार्च, १९८०) हे भारतीय फुटबॉलपटू होते. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्यांनी तीन गोल केले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅट्‌ट्रिक नोंदविणारे ते पहिले आशियाई खेळाडू होत. त्या स्पर्धेत सर्वाधिक गोल करणाऱ्या तीन खेळाडूंत त्यांचा समावेश होता.

जन्म व पार्श्वभूमी

नेव्हिल यांचा जन्म गोव्यातील बार्देश तालुक्यातल्या आसगाव या गावी झाला. बार्देशाच्या उत्तरेस शापोरा नदी, तिच्यापलीकडे पेडणे आणि तेरेखोल ओलांडली की सावंतवाडीचा मुलूख लागतो. आज हा मुलूख सिंधुदुर्ग जिल्ह्यात मोडतो. मात्र तो जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला आणि नेव्हिल यांच्या निधनाच्या वेळी हा सारा भाग रत्नागिरी जिल्ह्यातच होता. मालवण-वेंगुर्ल्याकडची माणसे जशी पोटापाण्यासाठी मुंबईची वाट धरीत, तशीच बार्देशातील ख्रिस्ती कुटुंबांतली मुलेही मुंबईस जात. मालवणी चाकरमानी गिरणगावातील खोल्यांत गाववाल्यांसोबत राही, तर गोव्याचा माणूस धोबीतलाव परिसरातील आपल्या गावाच्या कुडात. गोव्याच्या फुटबॉलचा मोठा वाटा अनेक वर्षे मुंबईच्या मैदानांवर खेळला गेला, तो या स्थलांतरामुळेच. नेव्हिल यांची कारकीर्दही मुंबईतच घडली. त्यांचे बंधू डेरेक डिसोझा हेही फुटबॉलपटू म्हणून नावारूपास आले.

त्यांच्या जन्माच्या वेळी गोवा पोर्तुगिजांच्या ताब्यात होता आणि ते भारताकडून खेळत असतानाही तो तसाच होता. १५ ऑगस्ट १९५५ रोजी बांद्याच्या बाजूने पत्रादेवीच्या सीमेवर गेलेल्या सत्याग्रहींवर पोर्तुगीज सैनिकांनी गोळीबार केला. त्यानंतर भारत सरकारने गोव्याची नाकेबंदी अधिक कडक केली आणि रेल्वेवाहतूकही थांबली. मुंबईतील गोवेकरांना गावी जाणे अवघड झाले. पोर्तुगीज अमलाखालील भूमीत जन्मलेला हा खेळाडू पुढच्याच वर्षी भारताचा पोशाख घालून मेलबर्नच्या मैदानात उतरला. त्यांच्या चरित्राचा हा भाग फुटबॉलच्या इतिहासात क्वचितच नोंदला जातो.

मुंबईतील कारकीर्द

त्या काळी भारतात व्यावसायिक फुटबॉल नव्हते. खेळाडू एखाद्या कंपनीत नोकरी करीत आणि तिच्याच संघातून खेळत. नेव्हिल हे टाटा स्पोर्ट्‌स क्लब आणि नंतर कॅल्टेक्स या तेलकंपनीच्या संघातून खेळले. संतोष करंडक स्पर्धेत त्यांनी मुंबईचे प्रतिनिधित्व केले. मुंबईने हा करंडक प्रथम १९५४ मध्ये जिंकला.

मुंबईकरांच्या दृष्टीने मात्र मोठी स्पर्धा रोव्हर्स चषकाची. १८९१ पासून खेळल्या जाणाऱ्या या स्पर्धेत १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे सय्यद अब्दुल रहीम यांच्या तालमीतील हैदराबाद पोलिसांनी बाजी मारली. पुढे कोलकात्याच्या मोहन बागान व महमेडन स्पोर्टिंग यांनीही चषक नेला. १९५८ मध्ये कॅल्टेक्सने तो जिंकला, तेव्हा संघाच्या आघाडीची भिस्त नेव्हिल यांच्यावर होती.

शेजारी राष्ट्रांची चौरंगी स्पर्धा

मेलबर्नला गेलेला भारतीय संघ समजून घ्यायचा तर कोलंबो चषकाकडे पाहावे लागते. भारत, पाकिस्तान, ब्रह्मदेश आणि सिलोन या चार शेजारी देशांच्या राष्ट्रीय संघांची ही स्पर्धा १९५२ मध्ये कोलंबो येथे सुरू झाली. पहिल्या वर्षी भारत व पाकिस्तान संयुक्त विजेते ठरले. १९५३ मध्ये रंगून, १९५४ मध्ये कलकत्ता आणि १९५५ मध्ये ढाका येथे भारताने ती एकट्याने जिंकली. फाळणीला दशकही उलटले नव्हते, अशा वेळी भारतीय संघ पूर्व पाकिस्तानातील ढाक्यात खेळला, हे विशेष होय. प्रदीपकुमार बॅनर्जी यांनी आंतरराष्ट्रीय पदार्पण केले ते या ढाक्याच्या स्पर्धेतच. परंतु चार वर्षांतच हा उपक्रम बंद पडला. आखातातील अरब शेजाऱ्यांनी याच धर्तीची स्पर्धा १९७० मध्ये बहारीन येथे सुरू केली. तिच्यातही आरंभी बहारीन, कुवेत, कतार आणि सौदी अरेबिया असे चारच संघ होते. ती मात्र टिकली व वाढली. आशियाई फुटबॉलमध्ये पुढील काळात आखाती देश पुढे सरकले आणि भारत मागे पडला. नियमित शेजारस्पर्धेचा अभाव हे त्याचे एकमेव कारण नसले, तरी एक कारण मानता येईल.

मेलबर्न ऑलिंपिक, १९५६

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये भारतीय खेळाडू बहुतांशी अनवाणी खेळले होते आणि युगोस्लाव्हियाने त्यांचा १०–१ असा धुव्वा उडविला होता. त्यानंतर बूट घालून खेळणे सक्तीचे झाले. प्रशिक्षक रहीम यांनी संघाची मांडणीही बदलली. १९५८ च्या विश्वचषकात ब्राझीलमुळे गाजलेली ४-२-४ ही रचना त्यांनी त्याआधीच वापरली होती, असे मानले जाते. मेलबर्नला समर ऊर्फ बद्रू बॅनर्जी हे कर्णधार होते. संघात प्रदीपकुमार बॅनर्जी, तुलसीदास बलराम, जे. कृष्णस्वामी ऊर्फ किट्टू, नूर मोहम्मद आणि पीटर थंगराज यांच्याबरोबर मुंबईचे गोलरक्षक एस. एस. नारायण हेही होते.

पहिल्या फेरीतील प्रतिस्पर्धी हंगेरीने माघार घेतल्याने भारताला पुढील चाल मिळाली. १ डिसेंबर रोजी उपांत्यपूर्व फेरीत ऑस्ट्रेलियाशी गाठ पडली. नवव्या मिनिटाला नेव्हिल यांनी पहिला गोल केला. ऑस्ट्रेलियाच्या बॉब मॉरो यांनी सतराव्या मिनिटाला बरोबरी साधली. तेहतिसाव्या मिनिटाला नेव्हिल यांनी पुन्हा आघाडी मिळवून दिली, ती मॉरो यांनी मध्यंतरापूर्वीच फेडली. उत्तरार्धात पन्नासाव्या मिनिटाला नेव्हिल यांचा तिसरा गोल झाला. ऐंशीव्या मिनिटाला किट्टू यांनी चौथा गोल करून सामना ४–२ असा संपविला. ऑलिंपिकची उपांत्य फेरी गाठणारा भारत हा पहिला आशियाई देश ठरला. यजमानांना हा निकाल पचनी पडला नसावा. ऑलिंपिकनंतर सिडनी येथे पुन्हा मैत्रीपूर्ण सामना झाला, तेव्हा भारताने ७–१ असा अधिकच मोठा विजय मिळविला.

४ डिसेंबरच्या उपांत्य सामन्यात समोर पुन्हा युगोस्लाव्हिया होता. चार वर्षांपूर्वी दहा गोल करणाऱ्या या संघाला पूर्वार्धात एकही गोल करता आला नाही. बावन्नाव्या मिनिटाला नेव्हिल यांनी गोल करून भारताला १–० अशी आघाडी मिळवून दिली. भारत त्या क्षणी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीच्या जितका निकट होता, तितका त्यापूर्वी वा त्यानंतर कधीच नव्हता. आघाडी दोनच मिनिटे टिकली. युगोस्लाव्हियाने झटपट तीन गोल केले, चौथा भारताच्या स्वयंगोलामुळे झाला आणि सामना ४–१ असा हातचा गेला. कांस्यपदकाच्या लढतीत बल्गेरियाने भारताला ३–० असे हरविले. भारत चौथा आला.

नेव्हिल यांचे एकूण चार गोल झाले. बल्गेरियाचे दिमितार मिलानोव्ह आणि युगोस्लाव्हियाचे तोडोर वेसेलिनोविच यांच्यासह ते स्पर्धेतील सर्वाधिक गोल करणारे खेळाडू ठरले.

उत्तरकाळ

१९६० च्या रोम ऑलिंपिकला गेलेल्या भारतीय संघात नेव्हिल यांचा समावेश नव्हता. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत भारताने सुवर्णपदक पटकावले, तोवर आघाडीची जबाबदारी चुनी गोस्वामी, बलराम आणि प्रदीपकुमार बॅनर्जी यांच्याकडे गेली होती. दरम्यान १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. अर्जुन पुरस्कारही त्याच वर्षी सुरू झाला आणि फुटबॉलमधील पहिला मान प्रदीपकुमार बॅनर्जी यांना मिळाला. पुढे बलराम, गोस्वामी व थंगराज यांनाही तो लाभला. नेव्हिल यांना तो मिळाला नाही, कर्णधार बद्रू बॅनर्जी यांनाही नाही. पुरस्काराच्या आधीची पिढी म्हणून ही दोन नावे मागे राहिली असावीत.

१७ मार्च १९८० रोजी वयाच्या ४७ व्या वर्षी नेव्हिल यांचे निधन झाले. रोमनंतर भारतीय फुटबॉल संघ ऑलिंपिकच्या मुख्य स्पर्धेत पुन्हा पोहोचलेला नाही.