शहाजादा कामबक्षाचा रुपया

बादशहा औरंगजेबाचा धाकटा मुलगा कामबक्ष याचा जन्म १६६७ साली झाला. १७०७ च्या आरंभी बादशहाने अहमदनगरच्या छावणीतून त्यास विजापूरच्या सुभ्यावर धाडले आणि थोड्याच दिवसांत बादशहा पैगंबरवासी झाला. कामबक्षाने ‘दीनपनाह’ हा किताब घेऊन आपल्या नावाचा खुतबा पढविला व विजापूर आणि हैदराबादच्या टांकसाळींत आपल्या नावाचे चांदीचे रुपये पाडले.

थोरले बंधू बहादूरशहा यांनी त्यास विजापूर व हैदराबाद हे दोन्ही सुभे देऊ केले. अट एवढीच, की खुतबा व नाणे बहादूरशहांच्या नावाचे असावे. कामबक्षाने ती मानली नाही. उलट संशयापोटी त्याने अहसनखानासारख्या कर्तबगार सरदाराचा जीव घेतला. धनुर्विद्या शिकविणारे उस्ताद सैफखान यांचाही छळ केला. मग माणसे त्यास सोडून गेली. जानेवारी १७०९ मध्ये हैदराबादजवळ मोजक्या लोकांनिशी लढताना तो जखमी होऊन पकडला गेला व लवकरच मरण पावला.

दोन वर्षेही न टिकलेल्या त्या राजवटीचा रुपया आज दुर्मीळ आहे. विद्यार्थीमित्रांनो, तो कोठे पाहावयास मिळाला तर उस्तादाला व इमानी सोबत्याला दुखविणाऱ्याची ही अखेरही आठवावी.