फकीरसिंग ऊर्फ फ्रेडरिक बूथ-टकर

आमच्या काळाचौकीहून आर्थर रोडचा तुरुंग फार दूर नाही. 1926 साली बांधलेल्या त्या तुरुंगाच्या उंच भिंतीजवळून आपण जातो-येतो. परंतु आतला मनुष्य सुटून आल्यावर कोणाच्या दारी जाईल, हा विचार क्वचितच मनास शिवतो. बंदिवानाची भेट घेणे ही प्रभु येशूने स्वतःचीच भेट मानली, हे बायबलच्या तासास आपण सर्वांनी ऐकले आहे. ती शिकवण आचरणात आणू पाहणाऱ्या, व त्यापूर्वी याच मुंबईत स्वतः कैद भोगलेल्या एका पुरुषाचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देत आहो.

फ्रेडरिक टकर यांचा जन्म 1853 साली बिहारातील मोंगीर येथे झाला. सनदी नोकरीची परीक्षा उत्तीर्ण होऊन ते पंजाबात अधिकारी झाले. मान, वेतन, बंगला, नोकरचाकर, कशाचीही उणीव नव्हती. परंतु विल्यम बूथ यांच्या मुक्तिफौजेचे पत्र त्यांच्या वाचनात आले आणि मनास चैन पडेना. 1881 साली त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला. दिनांक 19 सप्टेंबर 1882 रोजी तीन सोबत्यांसह ते मुंबई बंदरात उतरले. पुढे त्यांनी भगवी वस्त्रे धारण केली, पायांतील जोडे टाकले आणि फकीरसिंग हे नाव घेतले. कालचा साहेब अनवाणी भिक्षान्नावर राहू लागला, हे पाहून राज्यकर्त्या गोऱ्या समाजास फार अपमान वाटला.

रस्त्यातून वाद्ये वाजवीत मिरवणुका काढल्यास दंगा होईल, अशी भीती घेऊन मुंबईच्या पोलिसांनी त्यांस मनाई केली. टकर यांनी ती मानली नाही. खटले झाले आणि 1883 साली त्यांस एक महिन्याची कैद भोगावी लागली. ख्रिस्ती नसलेल्या केशवचंद्र सेनांनीही या अन्यायाविरुद्ध आवाज उठविला, ही गोष्ट विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. जो मनुष्य काही वर्षांपूर्वी न्यायासनावर बसत असे, तोच आता गजांआड बसला होता.

1888 साली जनरल बूथ यांची कन्या एमा हिच्याशी विवाह झाल्यावर त्यांनी बूथ-टकर हे नाव लाविले. 1903 साली अमेरिकेत आगगाडीच्या अपघातात एमाबाईंचा अंत झाला. पुढे 1907 साली बूथ-टकर हिंदुस्थानास परत आले व 1919 पर्यंत राहिले. या काळात त्यांनी सरकारने गुन्हेगार ठरविलेल्या जमातींचे काम अंगावर घेतले. 1908 पासून संयुक्त प्रांतात व पुढे इतरत्रही मुक्तिफौजेच्या वसाहती निघाल्या. तेथे हातमाग, शेती व मुलांसाठी शाळा होत्या. चोराचा मुलगा विणकर होऊ शकतो, यावर त्यांचा दृढ विश्वास होता. 1929 साली लंडन येथे त्यांनी देह ठेविला.

विद्यार्थी मित्रहो, चरित्रनायकाची केवळ स्तुती करून लेखणी खाली ठेवणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. 1871 च्या ज्या कायद्याच्या आधारे या वसाहती चालल्या, तो मनुष्यास त्याच्या कृत्यावरून नव्हे, तर जन्मावरून अपराधी ठरवीत असे. वसाहतीतील लोकांस हजेरी द्यावी लागे, परवान्यावाचून बाहेर जाता येत नसे. पाळण्यातले मूलही त्या शिक्क्यातून सुटत नसे. बूथ-टकर यांनी भाकर दिली, माग दिला, ममताही दिली. परंतु कुंपण तसेच राहू दिले. तो कायदा स्वतंत्र भारतात 1952 साली सर्वत्र रद्द झाला आणि ते लोक विमुक्त झाले. आपल्या महाराष्ट्रातील पारधी व कैकाडी बांधव त्यांपैकीच होत. कायदा गेला, तरी संशय मात्र अद्याप गेलेला नाही.

मग या चरित्रापासून आपण काय घ्यावे? उच्चासन सोडून पतितांच्या शेजारी जाऊन बसण्याचे धैर्य घ्यावे, ते दुर्मिळ आहे. आणि ज्याच्या भेटीस आपण जातो, तो आत का आहे, त्याला आत ठेवणारा नियम न्याय्य आहे काय, हे विचारण्याचे धैर्यही त्यास जोडावे. आपल्या वर्गात एखाद्या मुलाचे वडील तुरुंगात असतील. त्या मुलाच्या बाकावर जागा रिकामी न ठेवणे, एवढी बंदिसेवा तर विद्यार्थ्यांस आजच करता येईल. आणि त्या मुलास घरी खेळावयास बोलाविले, तर पालकांनी आपले दार लावून घेऊ नये, अशी आमची त्यांस नम्र विनंती आहे.