पोर्श यांची पहिली मोटार

पोर्श या जर्मन कंपनीने विजेच्या मोटारींचा आपला बेत सप्टेंबर २०२५ मध्ये बराच आवरता घेतला. २०३० पर्यंत विक्रीपैकी ८० टक्क्यांहून अधिक मोटारी विजेच्या असाव्यात, असे उद्दिष्ट तिने २०२२ मध्ये जाहीर केले होते. आता पेट्रोलच्या आणि संमिश्र मोटारींचे आयुष्य वाढवण्यात आले आहे. या माघारीकडे नव्या युगाची अडचण म्हणून पाहिले जाते. वस्तुतः तिचे मूळ सव्वाशे वर्षांपूर्वीचे आहे आणि कंपनीला ज्यांचे नाव लाभले त्या फर्डिनांड पोर्श यांनी तिचा अनुभव तरुणपणीच घेतला होता.

पोर्श यांचा जन्म ३ सप्टेंबर १८७५ रोजी बोहेमियातील माफर्सडोर्फ या गावी झाला. वडील पत्र्याची कामे करणारे कारागीर. मुलाने हाच धंदा पुढे चालवावा अशी त्यांची अपेक्षा होती. मुलाला वेड विजेचे. अठराव्या वर्षी तो व्हिएन्नातील एका विद्युत्-कारखान्यात दाखल झाला. अभियंत्याचे रीतसर शिक्षण त्याने घेतले नाही; पुढे नावामागे लागलेली डॉक्टर ही पदवी सन्माननीय होती. राजघराण्यासाठी घोडागाड्या बांधणाऱ्या लोनर यांनी या तरुणाला हाताशी धरले आणि १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात दोघांची मोटार झळकली. तिच्या पुढच्या दोन्ही चाकांच्या तुंब्यांतच विजेच्या मोटारी बसवल्या होत्या. साखळी नाही, दात्यांची चक्रे नाहीत. मात्र शिशाच्या बॅटरीचे वजनच ४०० किलोंहून अधिक होते आणि एका भारणीत गाडी जेमतेम ५० किलोमीटर जाई. तेव्हा पोर्श यांनी पेट्रोल इंजिनाने वीज निर्माण करून ती चाकांना पुरवणारी संमिश्र गाडी तयार केली. कल्पना चोख होती. किंमत परवडणारी नव्हती. पेट्रोल स्वस्त होत गेले आणि विजेची मोटार मागे पडली. या कल्पनेवरील पोर्श यांची माया मात्र सुटली नाही. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी रणगाड्यालाही हीच यंत्रणा लावली. तो नमुना निवडीत हरला, तरी त्याच्या सांगाड्यांवर तोफगाड्या उभारण्यात आल्या आणि त्यांना फर्डिनांड हेच नाव मिळाले.

येथे चरित्रातील काळे पान उलटावे लागते. सामान्यांची मोटार या हिटलरच्या योजनेचे काम पोर्श यांनी १९३४ मध्ये स्वीकारले, १९३७ मध्ये ते नाझी पक्षाचे सभासद झाले आणि १९३८ मध्ये फोक्सवागेनच्या कारखान्याची कोनशिला बसली. युद्धकाळात त्या कारखान्यात सक्तीने आणलेले हजारो मजूर राबले. त्यांत युद्धकैदी होते, छळछावण्यांतील बंदीही होते. पोर्श यांच्या १९३१ च्या स्टुटगार्ट येथील संस्थेचे सहसंस्थापक आडोल्फ रोझेनबर्गर ज्यू होते. १९३५ मध्ये त्यांना संस्थेतून बाहेर पडावे लागले आणि त्याच वर्षी त्यांची रवानगी छावणीत झाली. पोर्श हे राजकारणापासून अलिप्त, केवळ यंत्रात रमणारे होते, हा त्यांच्या चाहत्यांचा बचाव आम्हास पटत नाही. कारखान्याच्या व्यवस्थापनात असणाऱ्याला तेथील मजूर कोठून आले हे ठाऊक नसणे शक्य नव्हते. युद्धानंतर फ्रेंचांनी त्यांना सुमारे वीस महिने कैदेत ठेवले. त्यांच्या नावाची पहिली स्पोर्ट्स मोटार १९४८ मध्ये पुत्र फेरी यांनी सिद्ध केली. ३० जानेवारी १९५१ रोजी पोर्श निवर्तले.

फोक्सवागेनने पुढे जग व्यापले. २००९ मध्ये आपल्या चाकणलाही तिचा कारखाना आला. २०१५ मध्ये डिझेल इंजिनांच्या धुराच्या चाचण्यांतील लबाडी उघड झाली आणि या उद्योगसमूहाला विजेकडे निकराने वळावे लागले. पोर्शची टायकान ही विजेची मोटार २०१९ मध्ये आली, तेव्हा १९०० च्या गाडीचे स्मरण अभिमानाने करण्यात आले. ते योग्यच, पण वारसा सांगायचा तर १९०० प्रमाणे १९३५ चाही सांगितला पाहिजे.

टायकानची मोठी बॅटरी ६०० किलोंहून जड आहे. ती ४०० किलोमीटरांच्या वर पल्ला देते, हा फरक लहान नव्हे. तरीही किंमत उतरलेली नाही आणि ज्या चिनी बाजारावर कंपनीची भिस्त होती तेथील मागणी ओसरली आहे. कंपनीची नवी मोठी गाडी विजेवर चालणारी म्हणून योजली होती. ती आता प्रथम पेट्रोलच्या आणि संमिश्र रूपातच येणार आहे.