मद्याला खेळात बसवणारा राजा

मराठी भाषेच्या जन्मकथेत एका राजाचे नाव हमखास येते. महाराष्ट्रातल्या बायका धान्य कांडताना ओव्या गातात, अशी नोंद आपल्या संस्कृत ग्रंथात करून ठेवणारा हा कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा. ग्रंथाचे नाव ‘मानसोल्लास’, दुसरे नाव ‘अभिलषितार्थचिंतामणी’. मराठी विषय घेऊन परीक्षेला बसलेल्यांना ही नोंद पाठ असते. परीक्षा संपली की नोंद लक्षात राहते आणि राजा विसरला जातो. हा त्या राजावर अन्याय आहे असे मला वाटते. ओवीची ती एक नोंद सोडली तरी या ग्रंथात शंभर प्रकरणे उरतात आणि त्यांत बाराव्या शतकातला आपला सगळा मुलूख जेवतो, पितो, गातो, खेळतो.

मला हा राजा आवडू लागला तो ओवीमुळे नाही, पाण्यामुळे. आमचे केज मांजरेच्या खोऱ्यात. धनेगावचे मोठे धरण आमच्याच तालुक्यात, पण ते भरलेले असेल तेव्हाच त्याचे कौतुक. २०१६ च्या उन्हाळ्यात ते कोरडे पडले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे सगळ्या देशाने पाहिले. अशा भागातल्या माणसाला पाण्याचे प्रकार शिकवावे लागत नाहीत. नळाचे, आडाचे, बोअरचे, टँकरचे आणि जारचे असे पाच वर्ग आमच्या घरातले लहान मूलही सांगेल. कोणते प्यायचे, कोणते वापरायचे आणि कोणत्या पाण्यात डाळ शिजत नाही, हेही सांगेल. म्हणून एका चक्रवर्ती राजाने पिण्याच्या पाण्याचे उगमावरून आणि ऋतूवरून वर्ग पाडले, कोणत्या दिवसांत कुठले पाणी प्यावे याचा विचार केला, हे वाचले तेव्हा मला तो परका वाटेना. तसा तो परका नव्हेच. केजहून अंबाजोगाई, लातूर, निलंगा असे उतरत गेले की सीमेपलीकडे बसवकल्याण लागते. तीच त्याची राजधानी कल्याणी. त्या काळी आपला हा सारा भाग चालुक्यांच्या राज्यातच होता.

सोमेश्वर फार मोठ्या बापाचा मुलगा. वडील सहावा विक्रमादित्य. थोरल्या भावाला बाजूला सारून तो १०७६ मध्ये गादीवर आला, शककाल बाजूला ठेवून त्याने स्वतःच्या नावाचा संवत सुरू केला आणि पुढे पन्नास वर्षे राज्य केले. काश्मीरहून आलेला कवी बिल्हण याच्या दरबारात होता. ज्या ‘मिताक्षरे’वर पुढे शेकडो वर्षे वारसाहक्काचे खटले चालले, तिचा कर्ता विज्ञानेश्वरही याच्याच राजधानीतला. अशा घरात वाढलेल्या मुलाने तलवारीपेक्षा पोथी जवळ केली तर नवल नाही. वडिलांची कारकीर्द इतकी लांबली की ११२६ च्या सुमारास गादी मिळाली तेव्हा सोमेश्वर कोवळा नक्कीच नसणार. वडिलांवर त्याने ‘विक्रमांकाभ्युदय’ नावाचे गद्य चरित्र लिहिले. ते आपल्यापर्यंत अपुरेच पोहोचले आहे. ‘भूलोकमल्ल’ हे त्याचे एक बिरुद आणि ‘सर्वज्ञ’ हे दुसरे. पहिले दरबारी थाटाचे असेल, पण दुसऱ्याला मात्र त्याने पुरावा दिला.

हा पुरावा म्हणजे ‘मानसोल्लास’. त्यातल्या पंचांगाच्या गणितासाठी शके १०५१, म्हणजे इ.स. ११२९ हे वर्ष धरलेले आहे. राज्यावर येऊन जेमतेम तीन वर्षे झाली होती. ग्रंथाचे पाच भाग, प्रत्येकात वीस प्रकरणे, म्हणून त्यांना ‘विंशती’ म्हणायचे. पहिलीत राज्य कसे मिळवावे हे सांगितले आहे आणि सुरुवात चक्क खोटे न बोलण्यापासून आहे. दुसरीत राज्य टिकवावे कसे, तिसरीत राजाचे उपभोग, चौथीत विनोद म्हणजे करमणुकी आणि पाचवीत क्रीडा म्हणजे खेळ. आपल्या घरातली इडली, डोसा, पुरी आणि मांडे यांचे पूर्वज इडरिका, धोसक, पूरिका आणि मंडक या नावांनी तिसऱ्या विंशतीत भेटतात. त्यांच्या पुढचेच प्रकरण पानीयभोग, पिण्याच्या पदार्थांचे.

या प्रकरणातले पाणी फुलांनी सुवासिक केलेले असते. पण खरी गंमत पानकांची. आंबट घालून तापलेले दूध फाडायचे, चोथा बाजूला काढून निवळ पाणी पांढऱ्या फडक्यातून गाळायचे, त्यात साखर आणि वेलची घालायची. हा झाला पाया. मग त्यात ज्या फळाचा रस मिसळाल त्या फळाचे नाव त्या पानकाला द्यायचे. म्हणजे राजाने पेयांची नुसती यादी केली नाही, त्याने पेयांचे एक कूळ बांधले. पाया एकच, आंबट-गोडाचे नाते एकच, रस बदलला की नाव बदलते. घरी पनीर केल्यावर उरलेले हिरवट पाणी मोरीत ओतणाऱ्या आपल्या पिढीने हे प्रकरण एकदा तरी वाचावे.

पेयांची कुळे लावण्याचा नाद आपल्याकडे जुना. आमच्या घरी तो दर चैत्रात उफाळून येतो. मठ्ठा हे ताकच की वेगळे काही, यावर आमच्या आत्याबाई आणि वहिनी यांचे आजवर एकमत झालेले नाही. आत्याबाईंच्या मते आले, कोथिंबीर, साखर पडली की ते ताक राहत नाही. वहिनींच्या मते दागिने घातले म्हणून बाई बदलत नाही. सोळाव्या शतकातल्या ‘भावप्रकाशा’ने हा तंटा मसाल्यावर नाही, पाण्यावर सोडवला आहे. सायीसकट दही घुसळले, पाणी घातले नाही, तर घोल. साय काढून बिनपाण्याचे घुसळले तर मथित. चौथा हिस्सा पाणी घातले तर तक्र. निम्मे पाणी तर उदश्वित्. लोणी काढून भरपूर पाणी घातले तर छच्छिका. मठ्ठ्याचे नाव मथिताची आठवण करून देते खरे, पण हल्ली लग्नाच्या पंगतीत जो मिळतो तो या हिशेबाने छच्छिकाच ठरेल. हा निकाल मी दोघींना सांगितला. दोघींनाही पटला नाही.

मद्याच्या बाबतीत तर आपल्या शास्त्रकारांनी कमालच केली. मनुस्मृतीत सुरेचे तीनच प्रकार: गुळाची, पिठाची आणि मधूपासूनची. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मद्यावर देखरेख करणारा स्वतंत्र अधिकारी आहे आणि मद्याची सहा नावे: मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय, मधु. त्यातल्या मैरेयात गूळ, झाडाच्या सालीचा काढा आणि वर पिंपळी-मिरी. चरकाने कच्च्या मालावरून नऊ उगम धरले: धान्य, फळ, मूळ, गाभा, फूल, कांड, पान, साल आणि साखर, त्यांतून चौऱ्याऐंशी आसवे मोजली. पुढे सतराव्या शतकात इंग्रज व्यापारी आणि खलाशी दारू, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला अशा पाच जिनसांचे मिश्रण पिऊ लागले. त्याचे ‘पंच’ हे नाव आपल्याच पाच या आकड्यावरून पडले, असे बरेच जण मानतात. अमेरिकेतल्या जेरी टॉमस नावाच्या मद्य मिसळणाऱ्या उस्तादाने १८६२ मध्ये अशा मिश्रणांचे पहिले मोठे पुस्तक छापले, ते याच पंचापासून सुरू होते. मग ज्युलेप, कॉब्लर, कॉकटेल, सावर, फ्लिप अशी एकेक कुळे. कोणते पेय कोणत्या कुळात घालायचे याचे वाद तिकडे आजही चालतात, आमच्या मठ्ठ्यासारखेच.

पण मुद्दा कुळाच्याही आधीचा आहे. मद्य मुळात कोणत्या कपाटात ठेवायचे? चरकाने खाण्यापिण्याच्या वस्तूंचे बारा वर्ग केले, त्यात मद्याचा वर्ग सातवा आणि पाण्याचा आठवा. म्हणजे मद्य धान्य, भाजी, फळांच्या रांगेत, पाण्याच्या अगदी शेजारी. वैद्याच्या नजरेला ते एक द्रव्य. गुण पाहावेत, दोष पाहावेत, मात्रा ठरवावी. धर्मशास्त्राने त्याला दुसऱ्या टोकाला नेले. राजाची सर्वांत घातक व्यसने चार: मद्य, फासे, स्त्रिया आणि शिकार.

सोमेश्वराने तिसराच मार्ग काढला. पानीयभोगात पाणी आले, पानके आली. मदिरापानाला मात्र त्याने उचलून थेट पाचव्या विंशतीत नेले. बागेतले खेळ, झोपाळा, पाण्यातले खेळ, वाळूतले, चांदण्यातले, आणि मग मदिराक्रीडा. तिच्या पुढे कोडी, बुद्धिबळ, फासे, कवड्या. धर्मशास्त्राची ती चारही व्यसने या ग्रंथात करमणूक होऊन हजर आहेत. शिकार चौथ्या विंशतीत, बाकीची तीन पाचवीत.

हे वाचून कुणी म्हणेल, राजा चैनी होता, व्यसनाला त्याने गोंडस नाव दिले. मला तसे वाटत नाही. मद्य त्याने जेवणाच्या ताटातून उठवले, ही बाब मला मोठी वाटते. तहान ही रोजची असते, खेळ रोजचा नसतो. खेळाला जागा असते, वेळ असते, सोबती असतात आणि तो संपतो. राजाच्या महालात हे जमत असेलही. ज्या घरात मजुरीचे पैसे हातात पडतात त्याच संध्याकाळी संपतात, तिथे तो खेळही नसतो आणि पेयही नसते, हे आमच्या भागातल्या बायाबापड्यांना कुणी सांगायला नको. ऊसतोडीची उचल घेऊन कारखान्यांवर जाणाऱ्या कुटुंबांचा हा जिल्हा आहे.

जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा वाइन ही दारू आहे की शेतमालापासून केलेला पदार्थ, यावर राज्यभर रण माजले. दोन्ही बाजू तावातावाने भांडत होत्या आणि मला बाराव्या शतकातला हा राजा आठवत होता. ती बाटली तांदूळ-डाळीच्या शेजारी ठेवायची म्हणजे चरकाची मांडणी स्वीकारायची, तीही चरकाचा मात्रेचा उपदेश वगळून. मी सोमेश्वराच्या बाजूचा. फडताळ बदलले की वस्तू बदलत नाही हे खरे, पण तिच्याकडे जाणारा हात बदलतो.

सोमेश्वराने बाराच वर्षे राज्य केले. दक्षिणेत होयसळ विष्णुवर्धन वडिलांच्या काळापासूनच डोके वर काढत होता, तो आणखी पुढे सरकला. काही इतिहासकार याचे खापर राजाच्या ग्रंथलेखनावर फोडतात. पन्नास वर्षे एका जबरदस्त हाताखाली दबलेले मांडलिक, तो हात गेल्यावर उठणारच होते. मुलगा कवडी खेळतो की कविता करतो याने त्यात फारसा फरक पडला नसता. ११३८ मध्ये तो गेला. मागून त्याचे मुलगे आले, आणि वीस-पंचवीस वर्षांत कल्याणी कलचुरी बिज्जलाच्या हाती गेली. याच बिज्जलाचे मंत्री म्हणजे महात्मा बसवेश्वर. राजधानीच्या आजच्या नावात तेच उरले आहेत, चालुक्यांपैकी कुणी नाही.

ग्रंथ मात्र तगला. बडोद्याच्या गायकवाड ग्रंथमालेत श्रीगोंदेकर या मराठी पंडितांच्या संपादनाखाली त्याचा पहिला खंड १९२५ मध्ये निघाला. पानकांचे प्रकरण १९३९ च्या दुसऱ्या खंडात आले. मदिराक्रीडेला छापखान्याचे तोंड पाहायला १९६१ चा तिसरा खंड उजाडावा लागला. तोवर बडोदे गुजरात राज्यात गेले होते आणि तिथे संपूर्ण दारूबंदी होती.