वाटाणे मोजणारा माणूस

विद्यार्थी मित्रांनो, वाटाण्याची शेंग तुम्ही नक्कीच सोलली असेल. घरी तुम्ही तिला मटर म्हणत असाल. शेंगेतले दाणे तुम्ही कधी मोजले आहेत का? एका माणसाने हजारो दाणे एकेक करून मोजले. त्या मोजणीतून एका नव्या शास्त्राचा पाया घातला गेला. त्या माणसाचे नाव ग्रेगर मेंडेल.

मेंडेल यांचा जन्म १८२२ साली हाइन्झेनडॉर्फ नावाच्या खेड्यात झाला. तेव्हा हा प्रदेश ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होता. आता तो चेक प्रजासत्ताकात आहे. आईवडिलांनी मुलाचे नाव योहान ठेवले होते. वडील शेतकरी होते. स्वतःच्या शेतात राबून शिवाय त्यांना जमीनदाराच्या शेतावरही काम करावे लागे. फळझाडांची कलमे कशी बांधतात, हे योहान लहानपणी वडिलांजवळच शिकला.

योहान अभ्यासात हुशार होता. पण घरात पैसा नव्हता. तो शिकवण्या करून शिके. कित्येकदा त्याला पुरेसे जेवणही मिळत नसे. पुढे एका अपघातात वडील जखमी झाले. आता शिक्षण सुटणार, असे वाटू लागले. तेव्हा धाकटी बहीण तेरेझिया पुढे आली. तिच्या लग्नासाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतला वाटा तिने भावाला दिला. भाऊ हे उपकार विसरला नाही. पुढे त्याने तिच्या मुलांच्या शिक्षणाचा भार उचलला.

१८४३ साली योहान ब्र्यून शहरातील ख्रिस्ती मठात दाखल झाला. या शहराला आता बर्नो म्हणतात. मठात त्याला ग्रेगर हे नाव मिळाले. तिथे पोटाची चिंता मिटली आणि वाचायला भरपूर पुस्तके मिळाली. मेंडेल शाळेत शिकवू लागले. मात्र कायम शिक्षक होण्याच्या परीक्षेत ते १८५० साली नापास झाले. मठाच्या प्रमुखांनी त्यांना व्हिएन्ना विद्यापीठात पाठवले. तिथे त्यांनी पदार्थविज्ञान, गणित आणि वनस्पतिशास्त्र यांचा अभ्यास केला. १८५६ साली ते पुन्हा परीक्षेला बसले. पण आजारी पडल्याने ती पुरी झाली नाही. त्याच वर्षी मठाच्या बागेत त्यांचे वाटाण्याचे प्रयोग सुरू झाले.

मित्रांनो, तुमचे डोळे आईसारखे का? तुमचे नाक आजोबांसारखे का? त्या काळी पुष्कळ विद्वानांना वाटे, की दुधात पाणी मिसळावे तसे आईवडिलांचे गुण मुलांत मिसळून जातात. मेंडेल यांना याची खात्री करून घ्यायची होती.

वाटाणा हा तूर, हरभरा, मूग यांच्याच कुळातला. त्याला लवकर शेंगा येतात. त्याचे फूल झाकलेले असते, त्यामुळे बाहेरचे परागकण सहसा आत शिरत नाहीत. मेंडेल यांनी प्रथम ३४ वाण मिळवून दोन वर्षे तपासले. वाटाण्याच्या कोणत्या वाणाला स्वतंत्र जात म्हणावे, यावर त्या वेळी विद्वानांचे एकमत नव्हते. मेंडेल त्या वादात अडकले नाहीत. जे वाण पिढ्यान्‌पिढ्या आपला गुण सोडत नव्हते, तेच त्यांनी निवडले. दाण्याचा आकार, दाण्याचा रंग, झाडाची उंची असे सात गुण त्यांनी अभ्यासाला घेतले.

ते कळी उघडून चिमट्याने पुंकेसर काढून टाकत. मग दुसऱ्या वाणाचे परागकण त्या फुलाला लावत आणि फूल पिशवीने झाकून ठेवत. गोल दाण्याच्या आणि सुरकुतलेल्या दाण्याच्या वाणांचा असा संकर केला, तेव्हा सगळे दाणे गोल निघाले. सुरकुत्या कुठे गेल्या? मेंडेल यांनी ते दाणे पेरले. पुढच्या पिढीत ५,४७४ दाणे गोल आणि १,८५० दाणे सुरकुतलेले मिळाले. म्हणजे जवळजवळ तिनास एक! इतर गुणांतही हेच प्रमाण आढळले.

यावरून मेंडेल यांनी अनुमान काढले, की गुण एकमेकांत विरघळत नाहीत. प्रत्येक गुणाचा एक घटक आईकडून आणि एक वडिलांकडून येतो. दोन घटक वेगळे असले, तर एक दिसतो आणि दुसरा लपून राहतो. लपलेला घटक नाहीसा होत नाही. पुढच्या पिढीत तो पुन्हा प्रकट होऊ शकतो. या घटकांना आज आपण जनुके म्हणतो.

आठ वर्षे मेंडेल यांनी हे काम केले. सुमारे २८,००० झाडे त्यांच्या नजरेखालून गेली. १८६५ साली त्यांनी ब्र्यूनच्या निसर्ग-अभ्यासकांच्या सभेत आपले निष्कर्ष वाचून दाखवले. पुढच्या वर्षी ते छापलेही गेले; पण त्यांचे मोल कोणी ओळखले नाही. नेगेली या नामवंत वनस्पतिशास्त्रज्ञाशी त्यांनी पत्रव्यवहार केला. नेगेली यांनाही त्याचे महत्त्व कळले नाही. १८६८ साली मेंडेल मठाचे प्रमुख झाले. कामाचा व्याप वाढला, प्रयोग मागे पडले. ६ जानेवारी १८८४ रोजी त्यांचे निधन झाले. आपण किती मोठा शोध लावला, हे जगाने मान्य केलेले त्यांना पाहायला मिळाले नाही.

१९०० साली द व्ह्रीस, कॉरेन्स आणि चेर्माक या शास्त्रज्ञांनी मेंडेल यांचा विसरलेला निबंध पुन्हा जगापुढे आणला. तेव्हापासून आनुवंशिकीशास्त्र झपाट्याने वाढले. १९९० साली सुरकुत्यांचे कारण सापडले. त्या दाण्यांत एका जनुकातील बिघाडामुळे पिष्ट नीट तयार होत नाही आणि साखर जास्त राहते. त्यामुळे ओला दाणा पाणी धरून ठेवतो आणि वाळताना आकसतो. २०२५ साली तर मेंडेल यांच्या सातही गुणांमागील जनुकांचा शोध पूर्ण झाला.

मित्रांनो, सुरकुतलेला दाणा एक पिढी दिसला नाही, म्हणून तो नष्ट झाला नव्हता. मेंडेल यांच्या कामाचेही तसेच झाले. ते चौतीस वर्षे लपून राहिले आणि मग पुन्हा उगवले. परीक्षेतल्या अपयशाने ते खचले नाहीत. कोणी वाहवा केली नाही, म्हणून त्यांनी मोजणीत कसूर केली नाही. पुढच्या वेळी वाटाण्याची शेंग सोलाल, तेव्हा दाणे जरा निरखून पाहा.